दुष्काळात भुकेल्यांसाठी उभ्या राहिल्या सावित्रीबाई

शिरूर/दौंड : दुष्काळ म्हणजे काय, हे शिरूर-दौंडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. १८७६ साली पावसानं दगा दिला आणि पुणे जिल्हा होरपळला. दौंड तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. सावकारी जाचाला कंटाळून भीमथडी, शिरूरचे शेतकरी वर्षभर आधीच उठले होते. त्यात आता घरात दाणा नाही, जनावराला चारा नाही.

मुलींच्या शाळेमुळे घराघरात माहीत असलेल्या सावित्रीबाई फुले तेव्हा ४६ वर्षांच्या होत्या. एप्रिल १८७७ मध्ये त्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, ओतूरला होत्या. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते तिथं दुष्काळग्रस्तांना मदत करत होते. सावकारांशी खटका उडाला आणि कार्यकर्त्यांनाच अटक झाली. सावित्रीबाई थेट कलेक्टरला भेटल्या. कार्यकर्ते सुटले, वर गोरगरिबांसाठी चार गाड्या ज्वारीही मिळाली, असं त्यांनी जोतीरावांना पत्रातून कळवलं. त्याच वर्षी समाजानं धनकवडीला बालाश्रम काढून उपाशी लेकरांच्या जेवणाची सोय केली.

पुढं प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांनाही लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

दरवर्षी या दिवशी गावोगावची पोरं फोटोला हार घालतात. सोबत आपल्या वाडी-वस्तीवर आज कुणाची चूल पेटली नाही, एवढं पाहिलं तरी सावित्रीबाईंचं काम पुढं जाईल.