दार उघडले, पायरी अडली

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मुली पाहिल्या की आम्हांस कै. कमलाबाई सोहोनी आठवतात. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत संचालक सर चंद्रशेखर रामन यांनी स्त्री म्हणून त्यांस प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर एका वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्यांसारखे गुरू लाभले, त्या कसोटीस उतरल्या आणि इतर मुलींसही ते दार खुले झाले. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. पुढे नीरेच्या पोषणमूल्यावर मोलाचे काम केले. तरीही मुंबईच्या विज्ञानसंस्थेचे संचालकपद त्यांस उशिराच लाभले. प्रवेश देऊन संस्थांचे कर्तव्य संपत नाही. जाणता गुरू आणि वेळेवर बढती याही गोष्टी मुलींच्या हक्काच्याच आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.