एका मिलिमीटरचा डॉक्टर

जेऊरसारख्या गावातून मेडिकलला गेलेल्या पोरांना एक धास्ती असतेच: डिग्री झाल्यावर पोस्टिंग कुठल्या आडगावात पडणार? गावरिल इलिझारोव्ह यांना ते १९४४ मध्ये थेट सायबेरियात मिळालं. जन्म १९२१ चा, बालपण अझरबैजानच्या डोंगरात, घरची गरिबी, सहा भावंडांत थोरले. कुर्गन भागातल्या डोल्गोव्हका या खेड्यात ते रुजू झाले तेव्हा महायुद्ध चालू होतं. न जुळलेली हाडं घेऊन सैनिक परतत होते आणि उपाय काय, तर महिनोन् महिने प्लास्टर.

इलिझारोव्हनी पायाभोवती धातूची कडी बसवली. हाडातून बारीक तारा आरपार काढून त्या सायकलच्या स्पोकसारख्या कड्यात ताणल्या. दोन कडी नट-बोल्टनं जोडली, म्हणजे हाडाची टोकं एकमेकांवर दाबता येतील. असं सांगतात, की एका पेशंटनं नट उलटाच फिरवला. टोकं लांब गेली, पण एक्स-रेमध्ये मधल्या फटीत नवं हाड!

मग ते प्रयोगांना लागले. हाड कापून कुत्र्यांचे पाय वेगवेगळ्या वेगानं ताणले. दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणलं तर फट आधीच भरून येई. दोन मिलिमीटर ताणलं तर स्नायू आणि मज्जातंतूंचं नुकसान. एक मिलिमीटर जमलं, तेही एकदम नाही, थोडं थोडं करून. खरी गंमत इथे आहे. मज्जातंतू काही रबर नाही. झटकन ताणला तर त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो. सावकाश ताणला तर तो नुसता लांबत नाही, वाढतो. काही तंतू खराब होतात, पण त्यांच्याभोवतीच्या श्वान पेशी नव्या तंतूंना वाट करून देतात. तुटलेला तंतू स्वतःहून वाढतो तो वेगही साधारण दिवसाला एक मिलिमीटरच!

मॉस्कोतल्या बड्या डॉक्टरांनी या खेड्यातल्या माणसाला बरीच वर्षं मोजलंच नाही. १९६४ च्या ऑलिंपिकमधला उंच उडीचा विजेता व्हॅलेरी ब्रुमेल मोटारसायकल अपघातात पाय गमावायच्या बेतात होता. अनेक ऑपरेशनं फसल्यावर १९६८ मध्ये तो कुर्गनला आला, बरा झाला आणि पुन्हा दोन मीटरच्या वर उडाला. मग मात्र सगळे वळले. पश्चिमेला हे कळायला १९८१ उजाडलं. कार्लो मॉरी या इटालियन गिर्यारोहकाचा पाय त्यांनी बरा केला होता, त्यानंतर त्यांना इटलीत व्याख्यानाला बोलावलं गेलं.

पुढे हीच युक्ती जबड्यात गेली. खालच्या जबड्याच्या हाडातूनच एक मज्जातंतू जातो. खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव त्याच्याकडे. जन्मतः जबडा लहान असलेल्या मुलांचं हाड ताणायचं म्हणजे तोही ताणला जाणार. म्हणून हाड कापल्यावर काही दिवस थांबतात, मग रोज साधारण एक मिलिमीटर. ओठ बधिर होतो, मुंग्या येतात. बहुतेकांची जाणीव काही महिन्यांत परतते, काहींची पूर्ण परतत नाही. न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी अशा मुलांवरच्या उपचारांचा अहवाल छापला १९९२ मध्ये. त्याच वर्षी जुलैत इलिझारोव्ह कुर्गनमध्येच वारले. पोस्टिंग संपून कधीच गेली होती, पण त्यांनी तो भाग काही सोडला नव्हता.