मालोजीराजांना वर्ण कुणी विचारला होता?

शिवजयंतीला आम्ही शिवरायांचा जयघोष करतो, पण त्यांचे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले, हे आमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मालोजी भोसले हे वेरूळच्या बाबाजी पाटलांचे चिरंजीव, फलटणच्या निंबाळकरांचे जावई. अहमदनगरच्या निजामशाहीत त्यांनी तलवार गाजवली आणि पुणे व सुपे परगण्यांची जहागीर मिळवली. हे सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातले. शिखर शिंगणापूरला पाण्याचे हाल होते, तिथे त्यांनी तलाव बांधला.

मूल व्हावे म्हणून त्यांनी नगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला, अशी परंपरा आहे. मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी! ही नावे आज काहींच्या घशाखाली उतरत नाहीत. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या रणात मलिक अंबरच्या बाजूने लढताना कामी आले. हा अंबर तर गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्या छावणीत मनगट पाहिले जाई, वर्ण नव्हे.

बखरकारांना मात्र कुणब्याच्या नांगराला धरून वर आलेले घराणे पचेना. त्यांनी मालोजींना देवीच्या कृपेने गुप्तधन सापडवून दिले. पुढे १६७४ साली याच मालोजींच्या नातवाला राज्याभिषेकासाठी क्षत्रियत्व सिद्ध करावे लागले, काशीहून गागाभट्ट आणावा लागला. त्या प्रकरणाची चिरफाड बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरील आपल्या ग्रंथात केली आहे.