डोरोथीबाई आणि चार पायांचे डोळे

दोन वर्षांपूर्वी आमच्या जिन्याखाली एक भटकी कुत्री व्याली. पाच पिल्लं! सहाव्या आठवड्यात ती बिचारी गाडीखाली गेली आणि पिल्लांचं करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोन पिल्लं गवळ्यानं गोठ्यावर नेली, दोन मळ्यावर गेली. राहिली पाचवी, भुऱ्या रंगाची, म्हणून तिचं नाव भुरी. हिला मात्र चांगलं घर मिळाल्याशिवाय द्यायची नाही असं मी ठरवलं.

आणि तिला काय जपलं म्हणून सांगू! मागच्या गॅलरीत गोणपाट, त्यावर जुनी साडी. दार कायम बंद. कुणी हात लावायचा नाही, खाली न्यायचं नाही, रोग लागेल. साडेतीन महिन्यांची झाल्यावर स्टँडजवळच्या एका मास्तरांच्या घरी दिली. चौथ्या दिवशी रिक्षातून परत! सोफ्याखालून बाहेर येत नाही, एस.टी.चा हॉर्न वाजला की लघवी करते, हेल्मेट घातलेला पाहुणा बघून घाबरली आणि जवळच उभ्या असलेल्या पोराच्या बोटाला दात लावले. मला इतका राग आला त्या लोकांचा. माणसांना प्राण्यांची जाणच नाही, असं मी महिनाभर सगळ्या गल्लीला सांगत होते.

माझं चुकलं होतं हे मला एका मुलीमुळे कळलं. मी अंधशाळेत परीक्षेच्या वेळी लेखनिक म्हणून जाते, एरवी धडे वाचून दाखवते. तिथल्या दहावीतल्या एका मुलीनं मला विचारलं की, मावशी, परदेशात कुत्रा आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून देतो म्हणतात, ते खरं का? मला नीट सांगता येईना. घरी येऊन मुलाच्या मदतीनं शोधलं, आमच्या वाचनालयातून पुस्तक मागवलं, आणि डोरोथी युस्टिस नावाच्या एका अमेरिकन बाईच्या प्रेमातच पडले.

डोरोथीचा जन्म 1886 चा, फिलाडेल्फियातल्या बड्या घरातला. वडिलांचा साखरेचा मोठा धंदा, पुढे ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्रमुखही झाले. म्हणजे हिनं आयुष्यभर नुसत्या मेजवान्या केल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं. विसाव्या वर्षी वॉल्टर वूड यांच्याशी लग्न झालं आणि न्यूयॉर्क राज्यात हूझिक फॉल्स या गावी संसार सुरू झाला. तिथे नवराबायकोनं दुधाच्या गाईंचा प्रयोगाचा गोठा चालवला. चांगल्या गाईची चांगली वासरं निवडून वंश कसा सुधारायचा, हे ती तिथे शिकली. दोन मुलगे झाले. आणि 1915 साली नवरा गेला. ही तेव्हा एकोणतीस वर्षांची.

याच काळात घरात हान्स नावाचा जर्मन शेफर्ड कुत्रा होता. इतका समजूतदार की बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला, गाईंचा वंश सुधारता येतो तर असे कुत्रे निपजवता येणार नाहीत का? नुसते दिसायला देखणे नव्हे, कामाचे! 1921 मध्ये त्या स्वित्झर्लंडला गेल्या. वेवे गावाच्या वर, माँ पेलराँ डोंगरावर जागा घेतली, तिचं नाव फॉर्च्युनेट फील्ड्स. 1923 मध्ये जॉर्ज युस्टिस यांच्याशी दुसरं लग्न केलं. ते काही टिकलं नाही, त्यावर मी जास्त लिहीत नाही. आडनाव मात्र त्यांचंच राहिलं.

या डोंगरावर त्यांना जोडीदार मिळाला इलियट हम्फ्री, सगळे त्यांना जॅक म्हणत. घोडे, जनावरं शिकवण्यात हा माणूस पटाईत. दोघांनी मिळून प्रत्येक पिल्लाची नोंद ठेवायला सुरुवात केली. आईबाप कोण, आवाजाला किती दचकतं, स्पर्शाला किती बुजतं, शिकायला उत्सुक आहे का. आपल्याकडे बाळाचं वजन, लशी वगैरेचं कार्ड असतं ना, तसंच, पण स्वभावाचं! पुढे 1934 मध्ये हम्फ्री आणि ल्यूसियन वॉर्नर यांनी या कामावर पुस्तकही लिहिलं. तिथले कुत्रे स्विस सैन्याकडे, पोलिसांकडे कामाला जात. हे वाचताना मी थांबले. आवाजाला दचकणं आणि स्पर्शाला बुजणं, भुरीच्या बाबतीत नेमक्या याच दोन गोष्टी होत्या. माझ्याकडे कसली नोंद? मी फक्त दूध किती प्यायली ते बघत होते.

पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्रे शिकवत असत. डोरोथीबाईंनी पॉट्सडॅमची तसली शाळा पाहिली आणि त्यावर अमेरिकेतल्या सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट या साप्ताहिकात लेख लिहिला. 5 नोव्हेंबर 1927 चा अंक. एक लेख, बास! पण तो टेनेसी राज्यात नॅशविल गावी मॉरिस फ्रँक नावाच्या मुलाच्या वडिलांनी लेकाला वाचून दाखवला. मॉरिसचा एक डोळा सहाव्या वर्षी घोड्यावरून जाताना फांदी लागून गेलेला, दुसरा सोळाव्या वर्षी बॉक्सिंगमध्ये. आता विशीच्या उंबरठ्यावरचा तरणाताठा मुलगा, आणि न्हाव्याकडे जायचं तरी कुणीतरी पोचवायला हवं, परत आणायला हवं. त्यानं बाईंना पत्र लिहून मागणं घातलं की मला असा कुत्रा द्या, मी इथल्या बाकीच्या अंधांनाही शिकवीन.

1928 च्या वसंतात तो बोटीनं युरोपला गेला. एकटा जाऊ शकत नाही म्हणून त्याला चक्क पार्सल म्हणून पाठवलं होतं! ताब्यात घेणारा, ताबा देणारा, सगळं सामानासारखं. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते इथेच. डोंगरावर त्याला एक कुत्री दिली, तिचं नाव किस. भर रस्त्यात या नावानं हाक कशी मारायची, म्हणून लाजून त्यानं तिचं नाव बडी ठेवलं. (मी असते तर मीही ठेवलं असतं!) काही आठवडे दोघं एकमेकांना शिकत होते. मग एक दिवस मॉरिस वेवे गावात एकटा जाऊन केस कापून आला. एवढीशी गोष्ट. पण सोळाव्या वर्षानंतर प्रथमच तो स्वतःच्या मनानं गेला आणि स्वतःच्या मनानं परतला.

जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्यावर पत्रकारांनी त्याला आव्हान दिलं, वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव. भयंकर वाहतुकीचा रस्ता. बडीनं त्याला पलीकडे नेलं आणि त्यानं बाईंना एका शब्दाची तार केली, यशस्वी झाल्याची. इथे एक सांगायला हवं, हा कुत्रा हुकमाचा ताबेदार नसतो. मालकानं चल म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल तर त्यानं हुकूम मोडायचा असतो. असं शहाणपण भेदरलेल्या जनावराकडून कसं होणार? ज्याला हॉर्नचीच भीती वाटते ते गाडीचा अंदाज काय घेणार!

29 जानेवारी 1929 ला नॅशविलमध्ये द सीइंग आय ही संस्था निघाली. पुढे ती न्यू जर्सीत गेली. डोरोथीबाई अमेरिकेला परतल्या, 1940 पर्यंत अध्यक्ष राहिल्या आणि स्वतःचा पैसा भरपूर ओतला. तरी कुत्रा फुकट द्यायचा नाही हे धोरण ठेवलं. दीडशे डॉलर, सवडीनं भरा, पण भरा. दान घेतलं असं त्या माणसाला वाटायला नको. आम्ही मंडळातर्फे वस्तू वाटतो तेव्हा फोटो काढतो, ते आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

8 सप्टेंबर 1946 रोजी न्यूयॉर्कमध्ये डोरोथीबाई गेल्या. त्याआधी चार वर्षं, 1942 मध्ये, त्यांच्या संस्थेनं एक पद्धत सुरू केली, तिनं माझे डोळे उघडले. न्यू जर्सीत शेतकऱ्यांच्या मुलांची फोर-एच नावाची मंडळं असतात. त्या मुलांच्या घरी पिल्लं वाढवायला द्यायची. सातआठ आठवड्यांचं पिल्लू येतं आणि वर्षभराहून थोडं अधिक राहतं. मुलानं त्याला खाऊ घालायचं, शी-शूची सवय लावायची, आणि मुख्य म्हणजे जगात फिरवायचं. दुकानात, गर्दीत, जिन्यावर, लिफ्टमध्ये, लहान पोरांत, म्हाताऱ्यांत. मग ते कुत्रं परत द्यायचं. परत! कधी कधी ही मुलं आपलं कुत्रं शिकून तयार झाल्यावर रस्त्यात काम करताना दुरून बघतात, कुत्र्याला कळू न देता. कळलं तर ते धावत येईल ना.

लेकीला सासरी पाठवण्याची उपमा इथे सगळ्याच देतील, मला ती द्यायची नाही. लेक फोन करते.

पिल्लांचं हे वय इतकं महत्त्वाचं का, तेही मी वाचलं. अमेरिकेतच मेन राज्यात बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं, 1965 मध्ये पुस्तक काढलं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं ते त्याला आपलं वाटतं. त्यानंतर दिसलेलं नवं काहीही आधी संशयाचं. 1961 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणसाचा स्पर्शच न झालेली पिल्लं पुढे रानटीच राहिली. आणि मी भुरीला नेमके तेच आठवडे गॅलरीत कोंडलं होतं! मास्तरांच्या घरात दोष नव्हता हो. मी त्यांच्याकडे जाऊन तसं सांगून आले. बाईंनी चहा दिला, पण थोड्या गप्पच होत्या.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा एक कुत्री व्याली, या वेळी पाण्याच्या टाकीमागे, तीन पिल्लं. ती धडधाकट होती, म्हणून आठ आठवडे पिल्लं तिच्याजवळच ठेवली. तिसऱ्या आठवड्यापासून रोज दोनदा प्रत्येकाला मांडीवर घ्यायचं, पंजे दाबायचे, कान बघायचे. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सहा ते आठ आठवड्यांत लस सुरू करा, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, साधारण सोळा आठवडे होईपर्यंत. तोवर भटकी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका, पार्वोनं पिल्लू दोन दिवसांत जातं. पण कडेवर घेऊन फिरवायला काय हरकत आहे?

मग काय, भाजीच्या कापडी पिशवीत पिल्लू! मंडईत, स्टँडवर, बँकेच्या रांगेत, पीठगिरणीत. कुकरची शिट्टी, मिक्सर, पितळी तांब्या पडल्याचा आवाज, आधी दुरून, मग जवळून, प्रत्येक वेळी तोंडात पोळीचा तुकडा. शेजारच्या अण्णांनी काठी टेकत यायचं, आमच्या यांनी हेल्मेट घालून पिल्लाला भरवायचं. हे सुरुवातीला कुरकुरले, मग रोज ऑफिसातून आल्यावर हेल्मेट न काढता थेट टाकीमागे! एखादं पिल्लू घाबरलं तर ओढायचं नाही, लांब घेऊन बसायचं, हे आम्ही हळूहळू शिकलो. अंधशाळेतही नेलं. त्या मुलीनं पिल्लाच्या सगळ्या अंगावरून हात फिरवला आणि याचे डोळे उघडेत का, असं विचारलं. पिल्लू तिच्या बोटांना चाटत बसलं. आपल्याकडे मार्गदर्शक कुत्री जवळपास दिसत नाहीत, हे तिला सांगायला मला जड गेलं.

तिघांनाही घरं मिळाली. काळं पिल्लू हायवेवरच्या गॅरेजवाल्यानं नेलं. दिवसभर ठोकाठोक, ट्रक, वेल्डिंगच्या ठिणग्या. मी आठ दिवस नीट झोपले नाही. दहाव्या दिवशी तिकडून जाताना रिक्षा थांबवली. तो ट्रकच्या सावलीत जुनी ट्यूब चावत बसला होता. मला बघून आला, शेपूट हलवली, पिशवीत डोकं घालून बघितलं, पोळी खाल्ली. आतून घण पडला तसा एक कान वर केला आणि गॅरेजवाल्याच्या पायाशी जाऊन पुन्हा ट्यूब चावायला लागला.

भुरी माझ्याकडेच आहे. हे घरी आले की हेल्मेट बाहेर दारात ठेवतात, मग ती पलंगाखालून येते.