पटाचारा : दुःखाचा पूर ओलांडलेली थेरी



घरातले माणूस गेले की चार दिवस सोयरेधायरे येतात, रडतात, भाकरतुकडा आणतात आणि आपापल्या कामाला लागतात. मागे उरते ती आई, ती विधवा, तो बाप. त्यांचे चित्त थाऱ्यावर राहत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा आपण श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडले. ते सोडले हे योग्यच झाले. पण मग दुःखाने पोळलेल्या मनाचे करायचे काय, असे घरातली वडीलधारी माणसे विचारतात. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भगवान बुद्धांच्या काळातील एका स्त्रीच्या जीवनात सापडते. तिचे नाव पटाचारा.

थेरीगाथा या पाली ग्रंथात ७३ गाथासमूह आहेत. त्यांत पटाचारेची स्वतःची वाणी आहे. तिची जीवनकथा पुढे अट्ठकथांनी सांगितली आहे. ती अशी.

कोसल देशाची राजधानी श्रावस्ती. आजच्या उत्तर प्रदेशात साहेत-माहेत येथे तिचे अवशेष आहेत. तेथील एका धनाढ्य श्रेष्ठीची ही कन्या. घरातल्याच एका नोकरावर तिचा जीव जडला. आईबापांनी तोलामोलाच्या घरी लग्न ठरवताच ती त्या नोकराबरोबर निघून गेली. दूरच्या खेड्यात दोघांनी संसार मांडला. तो शेती करी, लाकूडफाटा आणी; ती पाणी भरी, कांडण करी.

पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरची ओढ लागली. नवरा भीतीपोटी टाळत राहिला, म्हणून ती एकटीच निघाली आणि वाटेतच प्रसूत झाली. दोघे बाळाला घेऊन माघारी आले. दुसऱ्या खेपेसही ती निघाली. या वेळी वाटेत अवकाळी वादळ उठले, पाऊस कोसळू लागला आणि तिला कळा सुरू झाल्या. आडोशासाठी फांद्या तोडायला गेलेल्या नवऱ्याला वारुळाजवळ साप चावला. तो जागीच मेला. तिने मात्र ती रात्र दोन्ही लेकरांवर स्वतःच्या देहाचे छप्पर करून काढली. सकाळी तिला नवऱ्याचे प्रेत दिसले.

आता माहेराखेरीज दुसरा आधार नव्हता. वाटेत अचिरवती नदी, म्हणजे आजची राप्ती, दुथडी भरून वाहत होती. अंगात त्राण नव्हते. दोन्ही मुले एकदम नेणे शक्य नव्हते. थोरल्याला अलीकडे बसवून तिने तान्ह्याला पलीकडे नेऊन ठेवले. परत येताना ती मध्यधारेत असताना एका ससाण्याने तान्ह्यावर झडप घातली. त्याला हुसकण्यासाठी तिने हात उंचावून आरडाओरड केली. आई बोलावते आहे असे वाटून थोरला पाण्यात उतरला आणि वाहून गेला.

रडत रडत ती श्रावस्तीच्या वेशीजवळ आली, तेव्हा वाटेत भेटलेल्या माणसाने सांगितले की रात्रीच्या वादळात तिच्या माहेरचे घर कोसळले; आईबाप आणि भाऊ एकाच चितेवर जळत आहेत. चितेचा धूर तेथून दिसत होता. त्या क्षणी तिचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळून पडले, तेही तिला कळले नाही. पट म्हणजे वस्त्र. वस्त्राची शुद्ध नसताना भटकली म्हणून ती पटाचारा, असे परंपरा सांगते. लोकांनी काय केले? वेडी म्हणून तिच्यावर माती आणि ढेकळे फेकली.

फिरत फिरत ती जेतवनात आली. भगवान उपदेश करीत होते. लोक तिला अडवू लागले, पण भगवंतांनी तिला येऊ दिले. त्यानंतर जे घडले त्याचा क्रम नीट ध्यानात घ्या. त्यांनी प्रथम तिला भगिनी मानून भानावर येण्यास सांगितले. भान येताच ती लाजेने अंग चोरून बसली. एका माणसाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले. मग तिने आपली सारी कहाणी सांगितली आणि भगवंतांनी ती ऐकून घेतली. उपदेश त्यानंतर केला. माणसांनी आपल्या माणसांसाठी ढाळलेल्या आसवांपुढे चारी समुद्रांचे पाणी थोडे आहे, आणि मृत्यू आला की पुत्र किंवा पिता कोणीही वाचवू शकत नाही, असा त्याचा भाव होता. गेलेली मुले परत आणून देण्याचे आश्वासन त्यांनी दिले नाही, की हे तुझ्या नशिबी होते असेही म्हटले नाही. बाबासाहेबांनी आणि माता रमाईंनीही चार लेकरे गमावली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मरणाने कोणाचेच घर सोडलेले नाही.

पटाचारा भिक्खुनी झाली, पण तिची तळमळ एका दिवसात शमली नाही. शेतकरी नांगरतो, पेरतो आणि पीक घेतो. मग शील पाळूनही मला शांती का लाभत नाही, हा प्रश्न तिच्या गाथेत आहे. एके दिवशी पाय धुताना तिने पाणी ओतले. पहिले पाणी थोडे वाहून जिरले, दुसरे जरा पुढे गेले, तिसरे त्याहून पुढे जाऊन जिरले. अट्ठकथा सांगते की त्यात तिला माणसांचे आयुष्य दिसले : कोणी बालपणी जातो, कोणी भरवयात, कोणी म्हातारपणी, जिरते मात्र सगळेच. चित्त स्थिर झाले. रात्री कोठडीत तिने दिव्याची वात खाली ओढली. दिवा विझला आणि तिचे मन मुक्त झाले.

पण तिची कथा येथे संपत नाही. चंदा नावाची निराधार विधवा सात वर्षे दारोदार भीक मागत फिरत होती. तिला पटाचारेने करुणेने संघात घेतले. मुले गमावलेल्या कितीतरी स्त्रियांना तिने धीर दिला. विनय जाणणाऱ्या भिक्खुनींमध्ये तिला अग्रस्थान मिळाले. जिच्यावर लोकांनी ढेकळे फेकली, तीच दुसऱ्यांचा आसरा झाली.

बंधुभगिनींनो, तुमच्या वस्तीत एखाद्या माउलीचे चित्त असे ढळले, तर तिला बाधा झाली म्हणून भगताकडे किंवा देवऋषीकडे ओढून नेऊ नका. अंगारा आणि उतारा यांनी कर्ज तेवढे वाढते. तिला नावे ठेवू नका. आधी तिला पांघरूण द्या, घोटभर पाणी द्या, तिचे सगळे ऐकून घ्या. मग सत्य सांगा, तेही हळुवारपणे. तिला विहारात सोबत न्या, रोज थोडा वेळ शांत बसू द्या, काहीतरी काम हाती द्या. खाणे-झोप तुटली, तर डॉक्टरांनाही दाखवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आणि घाई करू नका. पटाचारेलाही वेळ लागला होता.

जेतवनात तिच्याकडे उपरणे टाकणाऱ्या त्या माणसाचे नाव आपल्याला कोणी सांगितलेले नाही. पण ते काम आपल्यापैकी कोणालाही करता येईल.