कै. कमलाबाई निंबकर

भगिनींनो, मंडईतून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन आपण घरी येतो, तेव्हा हातांचे मोल ध्यानात येत नाही. ते कळते हात अडला म्हणजे. अशा अडलेल्या हातांना कामाला लावण्याची विद्या आपल्याकडे रुजविणाऱ्या कमलाबाईंची ओळख करून देते.

त्यांचा जन्म १९०० साली अमेरिकेत, क्वेकर पंथाच्या घरात झाला. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. १९३० साली श्री. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह होऊन त्या कमला झाल्या आणि सासरचा देश त्यांनी आपला मानला. चाळिशी उलटल्यावर, संसार मागे ठेवून त्या अमेरिकेस गेल्या आणि पुन्हा विद्यार्थिनी होऊन व्यवसायोपचार शिकून आल्या.

व्यवसायोपचार म्हणजे धंदा शिकविणे नव्हे. बटण लावणे, वेणी घालणे, लिहिणे अशी रोजची कामे हेच औषध, आणि रोग्याने स्वतः करावयाचे! १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाईंनी या विषयाची देशातील पहिली शाळा काढली. १९५२ साली दहा देशांनी मिळून या शास्त्राचा जागतिक संघ स्थापिला, त्यात भारतही होता. पुढे नागपूरलाही हे शिक्षण सुरू झाले.

याचा उपयोग मी घरातच पाहिला. माझ्या भाच्याचा उजवा हात अपघातात दुखावला. कॉलेज सोडून घरी बसावे, असे आम्ही सर्वांनीच ठरविले होते. मीही त्यात होते. उपचार करणाऱ्या बाईंनी मात्र त्याला वाटाणे सोलावयास बसविले, पेनाला चिंधी गुंडाळून ते जाड केले, मेजाची उंची बदलली, अभ्यासाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून दिले आणि परीक्षेत जादा वेळ मागावयास सांगितले. पोरगा पदवीधर झाला. आमचे ऐकले असते तर?

कमलाबाई १९७९ साली निवर्तल्या. फलटणला १९८६ साली निघालेल्या शाळेस त्यांचे नाव दिले आहे.

मी सातवी पास. आता या वयात काय शिकायचे, असे आपण सहज म्हणून जातो. कमलाबाईंनी तसे म्हटले असते, तर कितीतरी हात रिकामे राहिले असते. म्हणून एवढेच सांगते, कोणाचा मुलगा वा मुलगी दुखण्याने अडली, तर तिला घरी बसवू नका; आधी विचारपूस करा.