इंदूरच्या कमलाबाई सोहोनी

दुर्गाबाई भागवतांचे नाव आपल्या घरांत सहज निघते. १९११ साली इंदुरातच जन्मलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीचा, कमलाबाईंचा, मात्र आपल्याला विसर पडतो.

मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बंगळूरच्या संस्थेत प्रवेश नाकारला. बाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अटीवर त्यांना घेतले. तिथेच त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट, मग मुंबईत निरेवरचे संशोधन.

आम्हांला मोठे वाटते ते उतारवयातले काम. मुंबईच्या कंझ्युमर गायडन्स सोसायटीच्या ‘कीमत’ मासिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. १९८२-८३ मध्ये संस्थेच्या अध्यक्षही झाल्या. भेसळीचे रसायनशास्त्र स्वयंपाकघराला तसे परके नाही. गार दुधात आयोडिनचे दोन थेंब टाकून निळा रंग आला, तर त्यात पीठ आहे. हळदीत हायड्रोक्लोरिक आम्ल घालून आलेली गुलाबी छटा पाणी वाढवूनही टिकली, तर तो मेटॅनिल यलो. शिशाचा सूक्ष्म अंश मात्र असा सापडत नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी.

१९९८ मध्ये दिल्लीत सत्कार चालू असतानाच कमलाबाई कोसळल्या आणि लवकरच गेल्या.